त्वचेची साक्ष

२०१४ सालचा पावसाळा ओसरत आला होता. मी तेव्हा वसई पट्ट्यातील एका धर्मग्रामात सेवेवर होतो. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत झगा उतरवीत असताना आमच्या गायनमंडळाचे मास्तर व्हायोलिनची पेटी काखेत धरून दाराशी घुटमळले. मास्तर मुळातच अबोल. जे काही सांगायचे ते व्हायोलिनवर सांगणारे. त्या दिवशी मात्र ते जवळ आले आणि म्हणाले, "फादर, जरा हे बघता का?"

त्यांनी पँटचा पाय वर दुमडला. नडगीवर, घोट्यापासून वीतभर उंचीपर्यंत, टाचणीच्या टोकाएवढे असंख्य लाल ठिपके उमटले होते. लाल शाईत बुडवलेली कुंचली कुणी झटकावी तसे. खाज नाही, दुखणे नाही, सूज नाही.

बाहेर बाप्तिस्म्याची मंडळी खोळंबली होती. मी क्षणभर पाहिले आणि वैद्याच्या थाटात निदान करून मोकळा झालो. "उष्णता आहे, मास्तर. रात्री सब्जा भिजत घाला, कोकमाचे सरबत घ्या. उतरेल चार दिवसांत."

"बरं, फादर," म्हणून मास्तर गेले. धर्मगुरूच्या शब्दावर आपल्या माणसांचा किती विश्वास असतो! त्या विश्वासानेच त्यांचे तीन आठवडे खाल्ले.

त्या तीन आठवड्यांत ते शरीर आपल्या परीने बोलतच होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. डाव्या हाताची बोटे तारांवर दाबली की अग्रांवर काळेनिळे डाग पडत. व्हायोलिन जेथे टेकते त्या जबड्याखालच्या जागी जांभळा चट्टा आला होता. पण वादकाच्या मानेवर तो घट्टा वर्षानुवर्षे असतोच, म्हणून कुणाला त्याचे नवल वाटले नाही. अखेर ताप चढला. डेंग्यूचे दिवस होते. गावातल्या डॉक्टरांनाही प्रथम तीच शंका आली. परंतु त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. त्यांनी काचेची पट्टी घेऊन नडगीवरच्या ठिपक्यांवर दाबून धरली. काचेखाली लाली पुसली गेली नाही. ठिपके होते तसेच राहिले.

पुढे त्या डॉक्टरांनी मला याचा अर्थ समजावून दिला. घामोळे, पित्त किंवा डास चावल्याची लाली असेल, तर ती रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आलेली असते. काच दाबली की रक्त बाजूला सरकते आणि जागा फिकी पडते. परंतु रक्त जर वाहिनीबाहेर पाझरून त्वचेत सांडले असेल, तर ते दाबाने कुठे जाणार? रक्त थोपविणाऱ्या बिंबाणूंची, म्हणजे प्लेटलेट्सची संख्या फार उतरली की असे ठिपके येतात. ते आधी पायांवर दिसतात, कारण उभ्या माणसाच्या पायांतील वाहिन्यांवर रक्ताचा भार सर्वाधिक असतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. मास्तरांचे अकरा हजार भरले. त्याच तपासणीत पांढऱ्या पेशींचा गोंधळ दिसला आणि आठवडाभरात मुंबईच्या रुग्णालयातून उत्तर आले : रक्ताचा कर्करोग. तीव्र स्वरूपाचा ल्युकेमिया.

त्या रात्री मला लेवीय या ग्रंथातील एक प्रकरण आठवले. सेमिनरीत आम्ही ते कंटाळून वाचले होते. अंगावर डाग उठला की जुन्या इस्राएलात माणसाला याजकाकडे नेत. याजक डाग पाही, शंका असल्यास सात दिवस थांबे, आणि मग पुन्हा पाही. पुन्हा पाहणे ही त्याच्यावर घातलेली आज्ञाच होती. मास्तरांनी आपले डाग एका धर्मगुरूला दाखविले होते. त्या धर्मगुरूने पुन्हा एकदाही पाहिले नव्हते. तीन आठवड्यांनी फारसा फरक पडला नसावा, असे डॉक्टर नंतर म्हणाले. त्यांचे ते औदार्य मी ऐकून घेतले.

पुढच्या काही महिन्यांत रुग्णालयाच्या प्रतीक्षालयातल्या बाकांवर बसून मी बरेच शिकलो. रक्ताचा कर्करोग म्हटला की तो आत, हाडांच्या मगजात आणि रक्तात असणार, त्याचा कातडीशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. तेथील त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा चहा पिता पिता मला त्याची तीन दारे सांगितली. पहिले दार उणिवेचे. तांबड्या पेशी घटल्या की माणूस पांढराफटक पडतो, बिंबाणू घटले की ठिपके आणि काळेनिळे डाग येतात, कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की साध्या ओरखड्याचे गळू होते किंवा नागीण उठते. दुसरे दार रोगाचे. कधी कधी कर्करोगाच्या पेशी स्वतःच त्वचेत वस्ती करतात आणि तेथे तांबूस-जांभळ्या गाठी येतात. काही प्रकारांत हिरड्या सुजून दातांवर चढतात. तिसरे दार उपचाराचे. रोगाला मारणारे औषध वेगाने वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला मारते, आणि केस व त्वचा यांची वाढ तर रोजची.

त्या बाकांवरच मला इतर सोबती भेटले. लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा एक तरुण होता. त्याला हॉजकिनचा रोग झाला होता. वर्षभर त्याच्या अंगाला खाज सुटत होती. अंगावर पुरळ एकही नाही, पण खाजवून खाजवून रात्री रक्त निघे. खरूज समजून घरच्यांनी सगळ्या चादरी उकळून काढल्या होत्या. एका आजोबांच्या रक्तात तांबड्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. त्यांना अंघोळ झाली की अर्धा तास अंगभर टोचल्यासारखी खाज येई, म्हणून ते अंघोळीलाच भिऊ लागले होते. आणखी एक गृहस्थ आठ वर्षे गजकर्णाचे मलम लावून थकले होते. त्यांच्या अंगावरचे चट्टे वस्तुतः त्वचेतच राहणाऱ्या लसिका पेशींच्या कर्करोगाचे होते. आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८०६ साली या रोगाचे वर्णन केले. त्यात पुढे अळंबीसारख्या गाठी येतात म्हणून त्याचे नाव 'मायकोसिस फंगॉइडिस' असे पडले. बुरशीशी त्याचे नाते नावापुरतेच. माझ्या सब्जाला त्या आठ वर्षांच्या मलमाची सोबत मिळाली, एवढेच त्यातल्या त्यात समाधान.

वाचकहो, प्रत्येक लाल ठिपका म्हणजे कर्करोग नव्हे, हे मी येथेच सांगून ठेवतो. बहुतेक पुरळ साधेच असते आणि बहुतेक खाज कोरड्या कातडीची असते. परंतु काच दाबूनही न पुसले जाणारे ठिपके, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, कशानेही न थांबणारी खाज, त्यांच्या जोडीला ताप, थकवा किंवा वजन घटणे, असे काही दिसल्यास रक्ताची साधी तपासणी त्याच दिवशी करावी. तिचा खर्च एका जेवणावळीतल्या एका पंगतीइतकाही नसतो.

पहिल्या औषधोपचाराच्या वेळी मी मास्तरांना भेटायला गेलो. जाताना त्यांच्याच वाडीतल्या मोगऱ्याचा गजरा आणि केळीचा फणा घेतला. त्या सकाळी मी एका अंत्यविधीहून परतलो होतो आणि घसा खवखवत होता. दारातच परिचारिकेने मला अडवले. फुले बाहेर, फळे बाहेर. "तुम्हाला खोकला आहे, फादर? मग काचेतूनच बोला." मी किंचित दुखावलो. धर्मगुरूला असे अडवतात का? तिने शांतपणे सांगितले की औषधाने मास्तरांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. फुलांत आणि त्यांच्या पाण्यात जंतू असतात, माझ्या घशातही असतात. आमच्यासाठी ते काहीच नव्हेत, त्यांच्यासाठी ते प्राणघातक ठरू शकतात. काचेपलीकडून मास्तरांनी हात हलवला. डोके तुळतुळीत, ओठ फुटलेले. गजरा मी बाहेरच्या बाकावर ठेवून आलो.

पहिली फेरी संपवून मास्तर काही आठवड्यांसाठी घरी आले. आणि मग जे घडले ते लिहिताना आजही लेखणी जड होते. दर रविवारी दुपारी त्यांच्या ओटीवर अकरा मुले व्हायोलिन शिकायला येत. पहिल्या रविवारी चार आली, दुसऱ्या रविवारी एक. मास्तरांच्या तळहातांची साले निघत होती, हातांवर सुया टोचल्याचे काळे डाग होते, चेहरा राखेसारखा झाला होता. विहिरीवर, बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, चिकटणारे आहे. कुणी त्या जुन्या, भयंकर रोगाचे नाव घेतले. मिस्सेला ते मागच्या बाकावर बसले, तर तो बाक त्यांच्यापुरताच रिकामा राहिला. लेवीयच्या ग्रंथातील डागाळलेल्या माणसाला छावणीबाहेर ठेवीत. आम्ही छावणी देवळातच घातली होती.

पुढच्या रविवारी मी प्रवचनात शुभवर्तमानाचा अर्थ थोडक्यात सांगितला आणि मास्तरांच्या परवानगीने त्यांच्या त्वचेविषयी बोललो. म्हणालो, "रक्ताचा कर्करोग स्पर्शाने होत नाही, श्वासाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. साले निघतात ती औषधाने. नागिणीसारखे फोड उठले तर काय काळजी घ्यायची ते डॉक्टर सांगतील, आणि आम्ही तुम्हाला सांगू. पण एक लक्षात ठेवा. त्यांचा आजार तुम्हाला होणार नाही, तुमचा मात्र त्यांना होऊ शकतो. तेव्हा सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. नसेल तर हात धुऊन जरूर जा." इतके दिवस आम्ही सारे आपापली कातडी वाचवीत होतो. ज्याची कातडी खरोखर धोक्यात होती, तो एकटा बसला होता.

एकाच प्रवचनाने माणसे बदलत नाहीत. पण त्या संध्याकाळी दोन मुलांच्या आया ओटीबाहेर साबण आणि पाण्याची बादली ठेवून गेल्या. महिनाभरात वर्गात सात मुले झाली. गायनमंडळातल्या तरुणांनी आणखी एक काम अंगावर घेतले. बिंबाणू साठवून फार दिवस टिकत नाहीत, पाचच दिवस, तेही सतत हलवत ठेवावे लागतात. म्हणून दाते नेहमी हाताशी हवेत. यंत्राद्वारे फक्त बिंबाणू काढून घेऊन बाकीचे रक्त दात्याला परत देता येते. त्यामुळे रक्तदानाप्रमाणे तीन महिने थांबावे लागत नाही. आमची पोरे पहाटेची लोकल पकडून पाळीपाळीने मुंबईला जाऊ लागली. पिशवी चढवल्यावर मास्तरांच्या अंगावर नवे ठिपके उमटणे थांबे. सुरांचे ऋण फेडण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही.

रोग परतू नये म्हणून डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुचविले. ही विद्या आता आपल्याकडे नवी नाही. भारतातील पहिले असे प्रत्यारोपण १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात झाले. सख्ख्या भावंडांपैकी कुणा एकाचे जुळण्याची शक्यता चारात एक असते. मास्तरांच्या धाकट्या भावाचे जुळले. दोघांत वाडीच्या बांधावरून बारा वर्षे अबोला होता. भाऊ आला, सही केली आणि म्हणाला, "बांधाचं नंतर बघू."

प्रत्यारोपणाआधी मास्तरांनी रुग्णाभ्यंगासाठी मला बोलावले. त्यांच्या पत्नीचा चेहरा उतरला. "फादर, अजून ती वेळ आलेली नाही ना?" आपल्या जुन्या पिढीला या संस्काराचे 'अंत्याभ्यंग' हेच नाव ठाऊक. मी त्यांना सांगितले की हा संस्कार मरणाऱ्यांचाच नाही, आजाऱ्यांचा आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली त्याचा विधी नव्याने लावून दिला तेव्हापासून कपाळ आणि हात यांना तेल लावले जाते. पण मास्तरांचे हात! मोठ्या मात्रेच्या औषधाने दोन्ही तळहात लालबुंद सुजून फोड आले होते. ज्या हाताने गज धरायचा त्या हातात चमचाही धरवत नव्हता. "तळव्यांवर नको, फादर," ते म्हणाले. "झोंबेल."

मी खिशातून कापसाचा बोळा काढला. अशा प्रसंगी साधनाने तेल लावण्याची आणि एकट्या कपाळावर अभ्यंग करण्याची मुभा धर्मसंहितेत आहे. ती मला पाठ होती. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला मुभेपेक्षा भीतीची आठवण अधिक होती. त्या सोललेल्या, काळवंडलेल्या कातडीला हात लावायला मी कचरत होतो. गावाला प्रवचन देणारा मी. मास्तरांनी बोळ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत.

बोलली ती परिचारिका. "घड्याळ काढा, फादर. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, मग खुशाल हात लावा. कपाळावर जखम नाही." तिच्या दृष्टीने ती केवळ स्वच्छतेची सूचना होती. मी हात धुतले. धुताना बराच वेळ घेतला. मग अंगठ्याने कपाळावर तेल लावले. कपाळ गरम होते, आणि हाताखाली ते अगदी कुणाच्याही कपाळासारखेच होते.

भावाच्या पेशी रुजल्या. परंतु रुजलेल्या पेशींना नवे घर चटकन ओळखू आले नाही. महिन्याभरात मास्तरांचे तळहात, तळपाय आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग अंगभर पुरळ पसरले. दात्याच्या पेशी यजमानाच्या शरीराला परके समजून त्यावर तुटून पडतात, तो हा विकार. त्वचा हे त्यांचे आवडते रणांगण. "बांधाचं भांडण आता माझ्या अंगात चाललंय," मास्तर म्हणाले आणि भाऊ त्यांच्या उशाशी बसून रडत रडत हसला. स्टेरॉइडने तो हल्ला थोपवला, पण चेहरा गोल झाला आणि पोटावर जांभळे पट्टे उठले. दुसऱ्या एका औषधाने टक्कल पडलेल्या त्या माणसाच्या हातांवर अस्वलासारखे केस उगवले. पुढे त्वचा जागोजागी कडक झाली, कोपरे आणि बोटे आवळली गेली. रोग परतला नाही, मात्र व्हायोलिनही परतले नाही. बोटे तारांवर उतरतच नाहीत.

अशा रुग्णाच्या घरच्यांना डॉक्टर जे सांगतात ते वरवर किरकोळ वाटते. कोमट पाण्याची अंघोळ, सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच साधे मलम. वस्तऱ्याऐवजी विजेवर चालणारे दाढीचे यंत्र, मऊ ब्रश. बिंबाणू कमी असताना अ‍ॅस्पिरिन नको. फुटलेल्या कातडीवर पाल्याचा लेप नको. ऊन टाळायचे, कारण उन्हाने तो विकार पुन्हा पेटतो आणि प्रत्यारोपण झालेल्यांना त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही अधिक. मास्तरांच्या पत्नी या साऱ्या गोष्टी रोज रात्री दिवा लावून, एकेक बोट तपासून करीत. प्रार्थनेची माळ आणि मलमाची बाटली एकाच फळीवर असे. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत मास्तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि छत्री घेऊन चालत, आणि छत्रीचा दांडा धरायला वर्गातला एखादा मुलगा असे.

२०१८ साली माझी बदली झाली. २०२० साली सारे जग मुखपट्टी बांधून आणि हात धूत घरात बसले, तेव्हा मास्तरांचा फोन आला. "फादर, आता सगळेच माझ्यासारखे झाले."

गेल्या सणाला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मास्तर आता वाजवत नाहीत, शिकवतात. ओटीवर खुर्चीत बसून मुलांचे सूर कानाने दुरुस्त करतात. जेवण झाल्यावर त्यांनी बाही वर सरकवली. मनगटाच्या वर तीन-चार लाल ठिपके होते. घरात कुणी बोलेना. भावाची बायको ताटे उचलता उचलता थांबली.

"फादर, जरा हे बघता का?" मास्तर म्हणाले.

मी उठलो, मोरीवर जाऊन हात धुतले. ताटाजवळचा काचेचा पेला पुसून घेतला आणि त्याचा बूड ठिपक्यांवर हलकेच दाबून धरला. मी पाहिले. मग पेला उचलून पुन्हा दाबला आणि पुन्हा पाहिले. काचेखाली लाली फिकी पडली, उचलताच परत आली.

"डास आहेत," मी म्हणालो. "पण उद्या डॉक्टरांना दाखवा."

"सब्जा नको ना?" मास्तरांनी विचारले, आणि ओटीवर सारेच हसले. त्यांचा कडक झालेला हात काही वेळ माझ्या हातातच होता.